पेठेच्या संघात परदेशी कशाला?

पेठेच्या फुटबॉल संघात परदेशी खेळाडू कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसं विचारत सगळेच असतात. सकाळी पोराला सरावाला सोडायला आलेले पालक विचारतात, पुण्याला स्थायिक झालेले वर्गमित्र फोनवर विचारतात, शाहू स्टेडियमच्या पायरीवर मागं बसलेला अनोळखी माणूस गुडघ्यानं पाठीत ढोसून विचारतो, "सर, कोल्हापुरात एवढी पोरं असताना नायजेरियन कशाला आणलाय? आपली पोरं काय कमी हाईत व्हय?" विचारण्याच्या सुरातच त्याला कुठलं उत्तर हवंय ते कळतं. त्याच्या शेजारी बसलेला तितक्याच ठामपणे सांगतो, "फायनल मारायची आसंल तर पुढं फॉरेनर पायजेच. पोरं खेळवायची हौस आसंल तर गल्लीत खेळवा." मग दोघांची जुंपते आणि मॅच बाजूला राहते.

मी पेठेतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांचा सराव घेतो. त्यामुळं मी पहिल्या गटात असणार, असं लोक धरूनच चालतात. मी त्यात नाही. दुसऱ्यातही नाही. परदेशी खेळाडू आला याचं मला काही वाटत नाही. तो हंगामात कधी येतो, किती दिवस राहतो आणि मैदानात कुठल्या जागेवर उभा राहतो, यावर माझं भांडण आहे. यातलं जागेचं भांडण सगळ्यात मोठं.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडचा फुटबॉल कंपन्यांचा नाही, पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालीम मंडळं. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, जुना बुधवार हे बाकीचे. दिवाळी झाली की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसएकडे खेळाडू नोंदणी होते, मग साखळी सामने, मग चषकामागून चषक. पावसाळा तोंडावर येईपर्यंत हे चालतं. मोठ्या सामन्याला हजारो माणसं तिकीट काढून येतात. जिंकल्यावर गुलाल, हरल्यावर पेठेत दोन दिवस सुतक. परदेशी घ्यायचे की नाही, घ्यायचे तर किती, हा वाद नोंदणीच्या वेळी दरवर्षी डोकं वर काढतो आणि अंतिम सामन्यानंतर जो संघ हरला त्याच्या कट्ट्यावर पुन्हा सुरू होतो. जिंकलेल्या पेठेला तो पडत नाही, हे आपलं जाता जाता.

पहिल्या गटातली मंडळी म्हणतात की पूर्वी संघात फक्त पेठेतली पोरं असायची. खरं आहे. पण ही रीत मोडली कुणी? नायजेरियन येण्याच्या कितीतरी आधी शेजारच्या पेठेतला चांगला लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं पुढं खेळणारा पोरगा, आपल्याकडं ओढायला सुरुवात झाली होती. नोंदणीच्या आठवड्यात कोण कुठं चालला, कुणाला कुठल्या मंडळानं किती मानधन कबूल केलं, याच्या बातम्या चहाच्या गाड्यावर आधी फुटतात आणि पेपरात नंतर येतात. गेल्या हंगामात ज्याच्या नावानं ठणाणा केला त्यालाच यंदा खांद्यावर घेऊन नाचायचं, हे आपण अंगवळणी पाडून घेतलंय. तेव्हा 'आपली पोरं, आपला संघ' म्हणताना जरा दमानं घ्यावं.

आणि बाहेरचा माणूस आणायची परंपरा तर तालमीचीच. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. त्यांच्या पदरी उत्तरेकडचे, पंजाबकडचे मल्ल असायचे, त्यांच्या राहण्याची आणि खुराकाची सोय दरबारातून व्हायची. त्याबद्दल कुणी आज कुरकुर करत नाही, उलट अभिमानानं सांगतो. कारण तो मल्ल इथं राहायचा, त्याच तांबड्या मातीत उतरायचा, आणि इथल्या पोरांना त्याच्याशी झोंबायला मिळायचं. मैदानातली कुस्ती वर्षातून मोजक्या वेळा, तालमीतली रोज. आपल्या पोरांचा फायदा त्या रोजच्या कुस्तीत होता.

आता आमच्याकडचा परदेशी खेळाडू बहुतेकदा कसा येतो ते बघा. साखळी निम्मी संपलेली असते, संघाला गोल होत नसतात, पेठेतून दबाव येतो, कुणीतरी ओळखीनं फोन लावतो. पोरगा गोव्यातून किंवा पुण्यातून रात्रीच्या गाडीनं येतो. एका खोलीत गादी टाकून दिली जाते. दोन दिवसांनी सामना. संघातल्या पोरांची नावंही त्याला माहीत नसतात, पण सगळे बॉल त्यालाच द्यायचे असं ठरलेलं असतं. हंगाम संपला की तो गेला. जाताना तो आमच्या पोरांना काय देऊन गेला? एक चषक, आणि मोबाइलमधले दोन-चार फोटो.

सगळेच असे नसतात. एक जण असा आला होता की त्याला सकाळी झोपच यायची नाही. मोठ्या संघाचा सराव संध्याकाळी असायचा, हा पठ्ठ्या सकाळी सातला आमच्या लहान पोरांत हजर. मराठी येत नव्हतं, हिंदी चार शब्द, पोरांचं इंग्रजी त्याहून बेताचं. त्यानं पोरांना एकच गोष्ट शिकवली : पाठीवर स्टॉपर, म्हणजे समोरच्या संघाचा मधला बचावपटू, असताना बॉल कसा घ्यायचा. आमची पोरं बॉल आला की त्याच्याकडं तोंड करून जवळच्या पायानं घ्यायची, आणि मागचा स्टॉपर तंगडी घालून तो काढून न्यायचा. यानं दाखवलं की बॉल येण्याआधी एकदा मान वळवून मागं बघायचं. मग गुडघ्यात वाकून बूड खाली घ्यायचं, कोपर वाकवून हात बाहेर काढायचा, पण ढकलायचं नाही, नुसता स्टॉपर कुठं आहे त्याचा अंदाज घ्यायचा. बॉल घ्यायचा तो स्टॉपरपासून लांबच्या पायावर. आणि तो ज्या बाजूनं रेटेल त्याच्याच जोरावर उलट बाजूला वळायचं. एवढंच. पण तो स्वतः मागं स्टॉपर म्हणून उभा राहायचा आणि तेरा वर्षांच्या पोराला खरोखरचा रेटा द्यायचा, अर्थात बेतानं. पोरं पडायची, हसायची, परत रांगेत लागायची. तो गेला, पण ती कसरत आमच्याकडं राहिली. आज मोठी झालेली पोरं ती धाकट्यांना शिकवतात. त्या हंगामात आम्ही चषक जिंकला की नाही, हे मला आठवून सांगावं लागेल.

आता जागेचं. परदेशी खेळाडू आणायचा म्हटलं की मंडळाच्या बैठकीत कुणी म्हणत नाही की आपल्याला चांगला राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू, आणू या. आणायचा तो सेंटर फॉरवर्ड, सगळ्यात पुढं गोल मारायला उभा राहणारा. पैसे शिल्लक राहिले तर स्टॉपर. म्हणजे डीमध्ये, गोलसमोरच्या चौकटीत, बॉल आल्यावर जो निर्णय घ्यायचा असतो, तो घ्यायची जागा आपल्या पोराला मिळतच नाही. माझ्या हाताखालून गेलेला एक पोरगा आहे, नाव सांगत नाही. तेराव्या वर्षापासून सेंटर फॉरवर्ड. अठराव्या वर्षी मोठ्या संघात घेतला, त्याच हंगामात पुढं परदेशी आला. याला सांगितलं, राइट आऊटला खेळ. पुढच्या वर्षी राइट बॅक जखमी झाला, पोरगा पळणारा म्हणून याला मागं ढकललं. आता तो तिथंच आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी करून सरावाला येतो, बॅक म्हणून चांगला खेळतो, तक्रार करत नाही. पण कॉर्नरला पुढं गेला आणि बॉल डीमध्ये उडाला की त्याची पाठ आपोआप गोलकडं वळते आणि हात बाहेर येतो. बघितलं की मला चिडचिड होते.

ही आमच्या पेठेपुरती गोष्ट असती तर मी एवढं लांबवलं नसतं. देशातली मोठी लीग, इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल बघा. 2014 ला सुरू झाली तेव्हा मैदानात अकरापैकी सहा परदेशी चालायचे. 2017-18 पासून पाच झाले, 2021-22 पासून चार. लोकांना वाटलं, आता आपली पोरं पुढं येतील. आली, पण कुठं? कडेला, मध्यात, गोलमध्ये. कोटा कमी झाला की प्रशिक्षक आधी विंगर आणि बॅक कापतो, मधला कणा तसाच ठेवतो. नऊ नंबरचा, म्हणजे सेंटर फॉरवर्ड खेळणारा परदेशी सगळ्यात शेवटी जातो. पहिल्या हंगामात एलानो सर्वाधिक गोल करणारा, मग मेंडोझा, मार्सेलिन्हो, गोव्याचा कोरो सलग दोनदा, पुढं ओगबेचे. 2024-25 ला नॉर्थईस्ट युनायटेड क्लबच्या अजराईनं 23 गोल मारले. त्या हंगामापर्यंत अकरा वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट दिला गेला, एकदाही भारतीयाला नाही. उलट आयएसएलच्या आधीची राष्ट्रीय लीग 1996-97 ला पहिल्यांदा झाली तेव्हा सर्वाधिक गोल बायचुंग भुतियाचे होते.

याचा हिशोब राष्ट्रीय संघाला चुकवावा लागला. भारतासाठी सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्धचा सामना खेळून निवृत्त झाला. त्यानंतरच्या सामन्यांत भारताला गोल करणारा माणूस सापडेना. मार्च 2025 मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत यावं लागलं, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं लगेच गोलही केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागतंय आणि त्या हंगामात लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोलही त्याचेच, ही काय आनंदाची गोष्ट आहे?

आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव घ्या. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून तयार झालेला पोरगा. 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा दिल्लीच्या मैदानात अमेरिकेसमोर आपल्या संघात पुढं खेळला. त्या दिवशी अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं. पुढं जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल, ओडिशा असा चांगल्या क्लबांतून फिरला; हैदराबादनं 2021-22 ला करंडक जिंकला त्या संघातही होता. पण आयएसएलमध्ये तो जास्तकरून कडेनंच खेळताना दिसला. त्याची कारकीर्द उत्तम आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की कोल्हापूरचा पोरगा असो की मिझोरामचा, पुढं खेळणारा प्रत्येक भारतीय पोरगा मोठ्या क्लबात गेला की त्याला बाजूला सरकवलं जातं.

मग परदेशी बंदच करा, असं म्हणणाऱ्यांना मी गोव्याच्या धेंपो क्लबाचं सांगतो. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता झाला : 2004-05, 2006-07, 2007-08, 2009-10, 2011-12. पाचही वेळा पुढं नायजेरियाचा रँटी मार्टिन्स होता. शेवटच्या हंगामात तर त्यानं 32 गोल मारले. मध्यात ब्राझीलचा बेटो. पण बाकीचा संघ बघा. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, सगळे गोव्याचे आणि सगळे देशाकडून खेळलेले. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो, तेही गोव्याचेच. 2008 मध्ये या संघानं आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. माझ्या मते यातली महत्त्वाची गोष्ट ही की रँटी 2004 ते 2012 एकाच क्लबात होता. समीर नाईक आणि महेश गवळी यांना सामन्यात दुसरे फॉरवर्ड भेटायचे, पण सरावात रोज रँटी भेटायचा. देशातला सगळ्यात अवघड फॉरवर्ड रोज अंगावर घेऊन स्टॉपर तयार होणारच. तोच रँटी सामन्याच्या आदल्या रात्री गाडीनं आला असता तर गोल तेवढेच झाले असते कदाचित, पण धेंपोच्या बचावाला काही मिळालं नसतं.

कोलकात्यात हा वाद आपल्यापेक्षा कितीतरी जुना आहे. अलिगढ विद्यापीठात शिकायला आलेले मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी हे इराणी 1980 मध्ये ईस्ट बंगालकडून खेळायला लागले तेव्हापासून तिथं भांडणं चालू आहेत. मोहन बागाननं तर परदेशी घ्यायचा नाही हा बाणा 1991 पर्यंत टिकवला. मग नायजेरियाच्या चिमा ओकोरीला घेतलं. आता कोलकाता लीगमध्ये परदेशी बंद आणि बंगालचे ठरावीक खेळाडू मैदानात हवेतच, असा भूमिपुत्रांचा नियम आला आहे. पण याच कोलकात्यात जमशेदनं घर केलं. त्याचा मुलगा कियान तिथंच जन्मला. 2022 च्या जानेवारीत मडगावात डर्बी, म्हणजे मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना झाला, कियान मोहन बागानकडून बदली खेळाडू म्हणून उतरला आणि बापाच्या जुन्या क्लबावर, ईस्ट बंगालवर, तीन गोल चढवले. सेंटर फॉरवर्डच्या जागेवर चमकलेला भारतीय पोरगा, आणि तो 'परदेशी'चा मुलगा. भूमिपुत्र कोण, हे ठरवणाऱ्या कमिटीनं आधी याचं काय ते सांगावं.

आमच्यात एकदोघं वाचणारे आहेत, ते लगेच स्पेनच्या बिल्बाओचं नाव घेतात. ॲथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क प्रांतातले किंवा तिथं घडलेले खेळाडू खेळवतो आणि आजवर पहिल्या श्रेणीतून खाली गेलेला नाही. उदाहरण छान आहे. पण लेझामाला 1971 पासून त्यांचं सरावकेंद्र आहे, लहानपणापासून पोरं तिथं तयार होतात. आमच्याकडं चौदा वर्षांखालच्या पोरांना गवत असलेलं मैदान मिळवायला भांडावं लागतं. नुसता बाणा उचलून काय करणार?

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. 'आपली पोरं' म्हणणाऱ्यांतल्या काहींचा राग फुटबॉलचा नसतोच. स्टेडियममधून त्या खेळाडूंना ज्या हाका मारल्या जातात त्या मी इथं लिहिणार नाही. आपल्या बाजूनं गोल मारला की त्याच हाका प्रेमानं मारल्या जातात, म्हणून त्या चांगल्या ठरत नाहीत. हा पोरगा हजारो मैलांवरून आलेला असतो, मधल्या माणसानं त्याला मोठ्या क्लबाचं गाजर दाखवलेलं असतं, आणि तो कुठं केरळात मलप्पुरमला सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचा फुटबॉल खेळतो, कुठं आमच्याकडं चषक खेळतो. मानधन ठरल्याप्रमाणं मिळेलच याची खात्री नसते. वाद घालायचा तर त्याला आणणाऱ्यांशी घाला. तो बिचारा बोलावल्यावर आला.

आणणाऱ्यांशी माझा वाद पैशाचा आहे. अंतिम सामन्याच्या आधी परदेशी आणायला प्रायोजक एका फोनवर मिळतो. त्या खर्चात लहान पोरांचे बॉल, कोन, सरावानंतरची अंडी आणि शिकलेला एक प्रशिक्षक हंगामभर निघेल, असं सांगितलं की प्रायोजकाला लगेच दुसरा फोन येतो. त्यालाही दोष कसा द्यायचा? चौदा वर्षांखालच्या संघाच्या बॅनरवर फोटो छापून कुणाला मतं मिळाली आहेत?

म्हणून नियम करणाऱ्यांनी मला विचारलं, जे ते विचारत नाहीत, तर मी म्हणेन की बंदी नको. हंगामाच्या सुरुवातीला नोंदवलेलाच परदेशी चालेल, मधेच गाडीनं उतरलेला नाही. त्याच्यासोबत वीस वर्षांखालचा इथला एक फॉरवर्ड मैदानात हवा, बाकावर बसवलेला नव्हे. आणि वर्षातला एक चषक असा असू दे, जिथं प्रत्येक संघ फक्त इथल्या पोरांवर उतरेल. त्या चषकात कुठला संघ उघडा पडतो ते सगळ्या पेठांना एकदा दिसू दे.

आणि आमच्या मंडळाचं विचाराल, तर परवाच्या बैठकीत यंदा परदेशी आणायचा का हा विषय निघाला. मी म्हटलं, आणू या की. पण स्टॉपर आणू या, दिवाळीनंतर लगेच आणू या, आणि सराव सकाळ-संध्याकाळ दोन्ही. आमच्या फॉरवर्डना रोज त्याच्यावरून बॉल काढायला लागू दे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग खजिनदार म्हणाले, "सर, तुमचं सगळं बरोबर हाय. पण स्टॉपरसाठी देणगी कोण देणार? देणाऱ्याला गोल दिसाय लागतो." विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.